मिरियमचा पराभव : साक्ष कोणाची?

डी. एच. लॉरेन्सच्या 'सन्स अँड लव्हर्स' (१९१३) या कादंबरीची चर्चा बहुधा आई-मुलाच्या नात्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्यामुळे तरुण चित्रकार पॉल मोरेल हा मिरियमची सौम्य निष्ठा आणि क्लाराविषयीची शारीर ओढ यांमध्ये दुभंगलेला आहे, हे विधान जवळजवळ निर्विवाद ठरले आहे. (आपल्याकडे तर 'भक्ती' आणि 'आसक्ती' ही जोडी आयतीच हाताशी असते.) हे द्वंद्व मुळात कोणाच्या साक्षीवर उभे आहे, याची तपासणी मात्र क्वचितच होते.

प्रकरणांची शीर्षके पाहावीत. नवव्यात मिरियमचा 'पराभव', अकराव्यात तिची 'कसोटी', बाराव्यात 'उत्कटता'. निवाडा आधी आणि कसोटी नंतर! नवव्या प्रकरणात मिरियम डॅफोडिलची फुले कुरवाळते आणि पॉल तिच्यावर चिडतो. तिचे प्रेम वस्तूचे काळीजच उपटू पाहते, असा त्याचा आरोप. निवेदकाची शब्दकळाही वारंवार या आरोपाकडे झुकते. पात्राचे मत कुठे संपते आणि निवेदकाचे कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. मार्क शोररने १९४८ साली 'टेक्निक अ‍ॅज डिस्कव्हरी' या निबंधात हा तंत्राचा दोष मानला. केट मिलेटने १९७० साली पॉल स्त्रियांचा वापर करतो, असे म्हटले. मिलेटचे निरीक्षण खोडून काढणे अवघड आहे. पण कादंबरीला पॉलहून अधिक काही ठाऊक आहे, याकडे तिचे दुर्लक्ष होते.

हे 'अधिक' चित्रकलेच्या संदर्भांत सापडते. आपल्याला पानांमधले सळसळते चैतन्य रंगवायचे आहे, आकार हे केवळ मृत कवच, ही पॉलची कलाभूमिका शब्दरूप घेते ती मिरियमच्या प्रश्नामुळे. तिच्या सहवासात त्याची दृष्टी खोल जाते, हे निवेदकही मान्य करतो. क्लाराच्या प्रकरणांत चित्रे बरीचशी पार्श्वभूमीला जातात. म्हणजे जिला तो जीवनविन्मुख ठरवतो, तीच त्याच्या निर्मितीची खरी वाचक आहे. जेसी चेम्बर्सचे उदाहरण इथे अप्रस्तुत नाही. मिरियममागची ही व्यक्ती कादंबरीच्या आरंभीच्या खर्ड्याची वाचक आणि सल्लागार होती. १९३५ च्या आठवणींत तिने या चित्रणाविषयीची आपली व्यथा नोंदवली. चरित्राच्या आधारे कादंबरीचा निकाल लावू नये हे खरे. परंतु इथे संहितेतच मिरियमच्या बाजूचा पुरावा शिल्लक आहे.

शेवटच्या प्रकरणात मिरियम विवाहाचा विषय काढते. तिनेच आपल्यावर हक्क सांगावा, अशी पॉलची अपेक्षा. ज्या वृत्तीसाठी त्याने तिला दोषी ठरवले, तीच आता त्याला हवी असते. ती तसे करत नाही. निघताना ती टेबलावरच्या फुलांवर मान झुकवते, आणि तो ती भांड्यातून काढून, पाणी निथळत असतानाच, तिच्या हाती देतो.