‘रूकरी’चा जीर्णोद्धार : एक विचार

जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार करणारास प्रथम एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो : तिच्या अनेक रूपांपैकी खरे रूप कोणते? शिकागोतील ‘रूकरी’ ही इमारत या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

बर्नहॅम व रूट या वास्तुकारांची ही अकरा मजली व्यापारी इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली. रस्त्यांच्या बाजूस दगडविटांच्या भारवाही भिंती आणि आत लोखंडी सांगाडा अशी तिची मिश्र रचना आहे. तथापि तिचे मर्म मधल्या मोकळ्या चौकात आहे. आतल्या कचेऱ्यांना उजेड व वारा मिळावा म्हणून हा चौक ठेवला गेला. त्याच्या तळाशी, दुसऱ्या मजल्यावर काचेचे छप्पर घालून रूटने एक प्रकाशमय दालन निर्माण केले.

१९०५ ते १९०७ या काळात फ्रँक लॉइड राइटने या दालनाचा कायापालट केला. रूटची बरीचशी लोखंडी नक्षी त्याने काढली आणि खांबांवर सोनेरी वेलबुट्टी कोरलेला पांढरा संगमरवर चढविला. १९३१ मध्ये विल्यम ड्रमंडने प्रवेशदालनांची दुमजली उंची मध्ये तक्तपोशी घालून खंडित केली. पुढे काचेचे छप्परही झाकले गेले.

१९९२ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात काच पुन्हा उघडण्यात आली. दालनास मात्र रूटचे नव्हे, तर राइटचे रूप देण्यात आले. मूळ कृतीवर हा अन्याय नव्हे काय, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु राइटने अलंकार बदलला, तत्त्व बदलले नाही. शुभ्र संगमरवराने रूटचा प्रकाश अधिकच खुलला. याउलट तक्तपोशीने अवकाश आणि आच्छादनाने प्रकाश नाहीसा केला. म्हणजे फेरबदलाची कसोटी त्याचे वय अथवा कर्त्याची कीर्ती ही नसून, इमारतीच्या मूळ कल्पनेशी त्याचे असलेले नाते ही होय.

असे असले तरी रूटच्या कारागिरीची हानी नाकारता येत नाही. जीर्णोद्धारकांनी एका खांबावरील संगमरवर अंशतः दूर ठेवून आतील नक्षीदार लोखंड उघडे राखले आहे. राइटच्या वैभवासाठी काय द्यावे लागले, याची नोंद त्या एका खांबावर राहिली आहे. जीर्णोद्धाराने निवड करावी; पण जे वगळले त्याचा पुरावा पुसू नये, हाच त्याचा बोध आहे.