युरोपीय संसदेची दोन मतदानं



मागच्या वेळी रूसोवर बोलताना आपण सर्वांच्या इच्छांची बेरीज आणि समाजाची सामाईक इच्छा या दोन कल्पनांपाशी आलो आणि तिथेच वेळ संपली. नंतर एका श्रोत्यांनी विचारलं, की सर, हा फरक पुस्तकात ठीक आहे, पण व्यवहारात तो कुठे दिसतो? आम्ही तेव्हा उत्तर टाळलं, हे कबूल करतो. तीस-पस्तीस वर्षं वर्गात हा फरक शिकवला, पण उदाहरण देताना दरवेळी गडबड व्हायची. आज एक उदाहरण घेऊन आलो आहोत. ते एका अंदाजपत्रकाचं आहे. रुक्ष वाटेल, पण तत्त्वज्ञान जिथे पैशाला भिडतं तिथे ते खरं की खोटं हे लवकर कळतं, असा आमचा अनुभव आहे.

युरोपीय संघाचं अंदाजपत्रक सात-सात वर्षांच्या आराखड्यात बसवलेलं असतं. दरवर्षीचं अंदाजपत्रक वेगळं मंजूर होतं, पण कोणत्या शीर्षकाखाली जास्तीत जास्त किती खर्च करायचा, याच्या मर्यादा सात वर्षांसाठी आधीच ठरतात. त्या ठरवण्याची रीत अशी, की सगळ्या सदस्य देशांच्या सरकारांचं एकमत व्हावं लागतं आणि त्याला संसदेची संमती लागते. संमती म्हणजे हो किंवा नाही. आराखड्यातली एखादी ओळ बदलायचा अधिकार संसदेला इथे नाही. शिवाय एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताची अट आहे, म्हणजे जो तटस्थ राहतो तोही प्रत्यक्षात 'हो' कमी करतो.

आता २०२० साल आठवा. करोनाची पहिली लाट युरोपभर होऊन गेलेली. आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, मे महिन्यात दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक नेहमीचा सात वर्षांचा आराखडा आणि दुसरा ७५० अब्ज युरोंचा पुनरुत्थान निधी. हा निधी संघाने स्वतःच्या नावावर बाजारातून कर्ज काढून उभा करायचा. एवढ्या प्रमाणावर असं आधी कधी झालं नव्हतं. १७ ते २१ जुलै हे दिवस ब्रसेल्समध्ये सत्तावीस राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधान भांडत बसले होते. शेवटी आकडे ठरले: आराखडा १,०७४.३ अब्ज आणि निधी ७५० अब्ज, पैकी ३९० अब्ज अनुदान आणि ३६० अब्ज कर्ज. आयोगाने अनुदान ५०० अब्ज सुचवलं होतं. म्हणजे ११० अब्ज कापले गेले.

वर्तमानपत्रांनी इथपर्यंतच वाचलं. ऑस्ट्रिया, डेन्मार्क, नेदरलँड्स, स्वीडन ही 'काटकसरी' चौकडी जिंकली की इटली-स्पेन जिंकले, याची चर्चा झाली. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: हे ११० अब्ज कापले कुठून?

अनुदानाचा मोठा हिस्सा देशादेशांना थेट वाटून द्यायचा होता. आयोगाच्या प्रस्तावात तो ३१० अब्ज होता. चार रात्रींच्या भांडणानंतर तो किती झाला? ३१२.५ अब्ज. म्हणजे कमी झालाच नाही, चिमूटभर वाढला. कात्री लागली ती कोणा एका देशाच्या नावावर नसलेल्या कामांना. अडचणीतल्या पण तग धरू शकणाऱ्या कंपन्यांना भांडवल पुरवायची योजना संपूर्ण गेली. संशोधनाची वाढीव रक्कम १३.५ अब्जांवरून ५ अब्जांवर आली. कोळशावर जगणाऱ्या प्रदेशांना सावरायचा या निधीतला भाग ३० अब्जांवरून १० अब्जांवर. आणि आरोग्य! ९.४ अब्जांचा नवा आरोग्य कार्यक्रम १.७ अब्जांवर आणून ठेवला. महामारीच्या वर्षी, मास्क लावून बसलेल्या माणसांनी आरोग्याची रक्कम पाचपट कमी केली. त्यांच्यापैकी कोणी आरोग्याच्या विरोधात होतं का? मुळीच नाही. पण घरी परतल्यावर पत्रकारांना सांगायला 'आपल्या देशाला इतके मिळाले' हा आकडा लागतो आणि सामाईक आरोग्य कार्यक्रमातून तो निघत नाही.

आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर ही भिशी झाली. भिशीत जेवढे घातले तेवढे आपल्या पाळीला परत आले पाहिजेत, एवढाच हिशेब असतो आणि भिशीपुरता तो अगदी रास्त आहे. पण गावाने वर्गणी काढून विहीर बांधली तर वर्गणीच्या प्रमाणात घागरी मोजत नाहीत. सत्तावीस सरकारं विहिरीसाठी जमली आणि भिशी लावून उठली. प्रत्येकाची इच्छा पूर्ण झाली, त्यांची बेरीजही झाली, आणि त्या बेरजेत सामाईक असं फार थोडं उरलं. त्या श्रोत्यांना हवं होतं ते उदाहरण हे.

या हिशेबी वृत्तीला इतिहास आहे. १९८४ साली फाँतेनब्लोच्या बैठकीत मार्गारेट थॅचर यांनी ब्रिटनच्या वर्गणीत कायमची सूट मिळवली, कारण खर्चाचा सिंहाचा वाटा शेतीवर जायचा आणि ब्रिटनची शेती लहान. तक्रार खोटी नव्हती. पण एकदा 'घातले किती, मिळाले किती' हे मोजमाप मान्य झालं की ते जात नाही. ब्रिटन संघातून गेला, सूट राहिली. २०२१ ते २०२७ या काळासाठी नेदरलँड्सला वर्षाला सुमारे १९२ कोटी युरोंची सूट आहे आणि जर्मनीला त्याहून मोठी. मुंबईतून कर किती जातो आणि महाराष्ट्राला परत किती येतो, हा वाद आपण ऐकतो, कधी त्यात हिरिरीने बोलतोही. तेव्हा युरोपला हसण्याआधी जरा थांबलेलं बरं.

आता संसद. करार झाल्यावर दोनच दिवसांनी, २३ जुलैला, तिने ठराव केला: ४६५ विरुद्ध १५०, तटस्थ ६७. ठरावाची भाषा खणखणीत होती. हा करार आहे तसा आम्हाला मान्य नाही, ठरून गेलेल्या गोष्टीवर आम्ही नुसता शिक्का मारणार नाही, वेळ पडली तर संमती रोखू, असा त्याचा आशय. आरोग्य, संशोधन, विद्यार्थी यांवरच्या कपाती ठरावाने नावानिशी दाखवल्या. समीक्षक म्हणून वाचलं तर हा दस्तऐवज चांगला आहे. विहीर आणि भिशी यातला फरक त्याला कळलेला आहे.

पुढे वाटाघाटी झाल्या. १० नोव्हेंबरला तडजोड निघाली आणि १६ डिसेंबरला संसदेने संमती दिली: ५४८ विरुद्ध ८१, तटस्थ ६६. काय मिळालं? १६ अब्ज युरोंची वाढ. संशोधनाला ४ अब्ज, विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीला २.२ अब्ज, आरोग्य कार्यक्रम १.७ वरून ५.१ अब्ज. जुलैच्या आराखड्याशी तुलना केली तर ही वाढ साधारण दीड टक्का. 'डोंगर पोखरून उंदीर' म्हणणारे तेव्हाही होते. आम्ही तसं म्हणणार नाही. आरोग्याची रक्कम तिप्पट होणं ही लहान गोष्ट नाही आणि ती संसदेने भांडून मिळवली. आपल्या लोकसभेत २०१८ साली सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकत्र मंजूर झाल्या होत्या. ते डोळ्यांपुढे आणलं तर चिकाटीने वाटाघाट करणाऱ्या या संसदेचं कौतुकच वाटतं.

आमचा आक्षेप वेगळा आहे. हे १६ अब्ज आले कुठून, ते बघा. त्यातले ११ अब्ज स्पर्धाकायदा मोडणाऱ्या कंपन्यांकडून येणाऱ्या दंडाच्या रकमेइतके धरलेले आहेत. उरलेले बहुतेक जुन्या योजनांतून परत येणारे पैसे आणि इकडची तिकडची शिल्लक. देशांना वाटलेल्या ३१२.५ अब्जांतला एक युरोही हलला नाही. वर्गणीतल्या सुटी तशाच राहिल्या. सरकारांची भिशी जशीच्या तशी ठेवून संसदेने विहिरीसाठी बाहेरून थोडं पाणी आणलं. जुलैच्या ठरावाने जो मुद्दा तत्त्वाचा म्हणून मांडला, तो डिसेंबरात रकमेचा झाला.

संसदेच्या बाजूने दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत. पहिली, की 'नाही' म्हटलं असतं तर पुनरुत्थान निधी लांबला असता आणि माणसं मरत असताना तत्त्वासाठी ताणणं हेही अनैतिकच. हा मुद्दा आम्हाला मान्य आहे, पण अर्धा. नुसत्या आराखड्याचा प्रश्न असता, तर नवा मंजूर होईपर्यंत जुन्याच्या शेवटच्या वर्षाच्या मर्यादा पुढे चालू राहतात, अशी सोय करारातच आहे. तिथे संसदेचं 'नाही' परवडणारं होतं. निधी आणि आराखडा एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे ते महाग झालं. गाठोडं सरकारांनी बांधलं. त्याच महिन्यांत कायद्याच्या राज्याची अट नको म्हणून हंगेरी आणि पोलंड यांनी नकाराधिकार उगारला, तोही याच गाठोड्याच्या जोरावर.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे, आणि इथे आमचं मत संसदेच्या चाहत्यांना आवडणार नाही. ही संसद खर्चावर मत देते, कर लावत नाही. संघाचं उत्पन्न कुठून यावं हे सरकारं एकमताने ठरवतात आणि प्रत्येक देश आपापल्या घटनेप्रमाणे त्याला मान्यता देतो. संसदेचा त्यावर फक्त सल्ला घेतात. इतिहासात संसदांनी राजाकडून सत्ता काढून घेतली ती 'कर हवा तर आमचं ऐका' असं म्हणून. इथे उलट. ज्याला कर मागायला मतदाराच्या दारी जावं लागत नाही, त्याचं 'अजून द्या' हे म्हणणं स्वस्त असतं. नेदरलँड्सचे पंतप्रधान कंजूष ठरले, पण त्यांना आपल्या करदात्यांपुढे उभं राहायचं होतं. ठरावाला मत देणाऱ्या ४६५ जणांना तसं उभं राहायचं नव्हतं. म्हणून सरकारं तेवढी स्वार्थी आणि संसद तेवढी निःस्वार्थी, ही मांडणी आम्ही स्वीकारत नाही. सामाईक इच्छा म्हणजे केवळ सामाईक हिताची भाषा नव्हे. त्यासाठी स्वतःवर काही ओझं घ्यावं लागतं. आणि रूसोला तर प्रतिनिधींवर विश्वासच नव्हता. इंग्रज माणूस निवडणुकीच्या दिवसापुरता स्वतंत्र असतो, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा रूसोचं नाव घेऊन कोणत्याही संसदेला फार उंच बसवू नये.

संसदेला हे ठाऊक होतं, म्हणून डिसेंबरच्या करारात तिने नव्या उत्पन्नस्रोतांचं वेळापत्रक घालून घेतलं. पुनर्वापर न झालेल्या प्लास्टिक वेष्टनांवर आधारित वर्गणी, किलोला ८० सेंट, ही जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. पण ती भरतं सरकार, मतदाराला कळतही नाही. पुढचे स्रोत जानेवारी २०२३ पासून सुरू व्हायचे होते. झाले नाहीत.

शेतीचंही असंच. संघाच्या अंदाजपत्रकातला सुमारे एक तृतीयांश पैसा शेतीकडे जातो आणि थेट मदतीचा साधारण ८० टक्के भाग २० टक्के लाभार्थ्यांच्या खात्यात पडतो. एका शेतमालकाला किती मदत मिळावी याला सक्तीची कमाल मर्यादा हवी, असं मत संसदेने ऑक्टोबर २०२० मध्ये दिलं होतं. वर्षभराने अंतिम कायद्यात ती ऐच्छिक राहिली, आणि संसदेने त्यालाही संमती दिली. पाच एकरवाल्याच्या नावाने निघालेला पैसा कुणाकडे जमतो, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

आता आरोग्य कार्यक्रमाचं पुढे काय झालं, ते सांगितलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आराखड्याची मध्यावधी दुरुस्ती झाली. युक्रेनसाठी ५० अब्जांची सोय करायची होती, कर्जावरचं व्याजही वाढलं होतं. सरकारांनी फार नवे पैसे द्यायला नकार दिला आणि चालू योजनांतून १०.६ अब्ज वळवले. त्यात संशोधनाचे २.१ अब्ज होते आणि आरोग्याचा १ अब्ज होता. २०२० साली झगडून मिळवलेल्या ३.४ अब्जांपैकी एक असा गेला. संसदेने संमती दिली. युक्रेनला मदत करू नये असं आमचं म्हणणं नाही, गैरसमज नको. प्रश्न इतकाच, की तातडीची गरज उभी राहिली की दरवेळी हात त्याच डब्यात का जातो. देशांना नेमून दिलेल्या रकमांना नाव असतं, पत्ता असतं, भांडणारा पंतप्रधान असतो. आरोग्य आणि संशोधनाच्या सामाईक रकमांना फक्त एक ठराव असतो.

सध्या २०२८ ते २०३४ च्या आराखड्यावर ओढाताण चालू आहे. जुलै २०२५ मध्ये आयोगाने सुमारे दोन हजार अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला. त्यात शेती आणि मागास प्रदेशांचा निधी एकत्र करून प्रत्येक देशाची एकेक योजना करायची, असं म्हटलं आहे. म्हणजे सत्तावीस पाकिटं. संसदेतल्या मोठ्या गटांनी यावर नापसंती दाखवली आहे. भाषा पुन्हा जुलै २०२० सारखी खणखणीत आहे. आता सदस्य ७२० आहेत, संमतीला ३६१ मतं लागतील, आणि नवीन आराखडा २०२७ संपायच्या आत व्हावा अशी अपेक्षा आहे. या वेळी सोबत महामारीचा निधी बांधलेला नाही, त्यामुळे 'नाही' म्हणायची किंमत २०२० पेक्षा कमी आहे. ती ते वापरतात का, आणि वापरली तर दीड टक्क्यासाठी वापरतात की पाकिटं फोडण्यासाठी, हे आपल्याला कळेल.

उत्पन्नाचा अधिकार संसदेला द्यायचा तर करार बदलावे लागतात आणि त्यालाही सत्तावीसांचं एकमत लागतं. त्या कोंडीवर कांट काही उजेड टाकतो का, ते पुढच्या वेळी पाहू. आता प्रश्न घेऊ या. मागे बसलेल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.