व्हॅलेंटाइनचा तास आणि फुलांची यादी

१४ फेब्रुवारीच्या निमित्ताने इंग्रजीच्या तासाला घ्यायचे उपक्रम तुम्ही पाहिले असतीलच: लाल बदामाचं कार्ड, शब्दकोडं आणि ‘रोज, लिली, ट्यूलिप, डेझी’ अशी पाठ करायची यादी. कार्डाबद्दल माझी तक्रार नाही. यादीबद्दल आहे.

टिंकहॅम (१९९३) आणि वेअरिंग (१९९७) यांच्या प्रयोगांत एकाच अर्थगटातले नवे शब्द एकत्र दिले, तर ते शिकायला जास्त वेळ लागला. सारखे शब्द एकमेकांत मिसळतात, असं त्यामागचं स्पष्टीकरण. टिंकहॅमच्याच १९९७ च्या अभ्यासात मात्र एका प्रसंगाभोवतीचे शब्द एकत्र शिकणं सोपं गेलं. म्हणजे कार्ड, पाकीट, लिहिणं, लपवणं हे शब्द एकत्र चालतील. चार फुलं एका दमात नकोत.

पण हे लगेच प्रबंधात डकवू नका. त्या प्रयोगांतले नवे शब्द बनावट होते आणि काम जोड्या लक्षात ठेवण्याचं होतं (प्रेमपत्र कुणीच लिहीत नव्हतं!). तुमच्या वर्गात मुलं वाक्यं लिहितात, एकमेकांची कार्डं वाचून हसतात. तिथे काय होतं, हा तुमचा प्रश्न. आणि ‘विद्यार्थ्यांना मजा आली’ याला निष्कर्ष म्हणू नका. पंधरा दिवसांनी, न सांगता, पुन्हा चाचणी घ्या आणि किती शब्द उरलेत ते मोजा.