मीडियन पॅकेज आणि कर्ज : आर्किटेक्चरच्या पदवीचा हिशेब कुठे चुकतो?

मागच्या प्रवेशाच्या हंगामात कराडहून आत्याचा फोन आला. "पोराला आर्किटेक्चरला घालू का नको? सांगलीला घातलं तर खर्च झेपंल. तू एवढं संशोधन करतोस, तूच काय ते सांग." मी नेहमीच्या सवयीने कॉलेजचं मीडियन पॅकेज शोधलं, कर्जाच्या रकमेला त्याने भागलं आणि उत्तर देणार तेवढ्यात थांबलो. हाच भागाकार संशोधनातही सर्रास वापरतात. तुमच्यापैकी कुणी पीएचडीच्या प्रस्तावात शिक्षण आणि रोजगार हा विषय घेणार असेल, तर त्याच्यासमोरही तो येणारच. म्हणून आज त्याची जरा चिरफाड करू.

आधी कमाईची बाजू. एनआयआरएफच्या क्रमवारीत २०१८ पासून आर्किटेक्चरचा स्वतंत्र गट आहे. त्यासाठी कॉलेजं जी माहिती भरतात, त्यात 'प्लेसमेंट मिळालेल्या पदवीधरांचा मध्यक पगार' असा रकाना असतो. यातला 'प्लेसमेंट मिळालेल्या' हा भाग नीट वाचा. जो मुलगा विट्याला वडिलांच्या बांधकामाच्या धंद्यात उतरला, तो यात नाही. जी मुलगी साताऱ्यात एका सीनियरच्या ऑफिसात नाममात्र पैशांवर साइट बघतेय, तिचीही 'प्लेसमेंट' म्हणून नोंद होईलच असं नाही. पहिला कदाचित पॅकेजवाल्यांपेक्षा जास्त कमावत असेल, दुसरीला महिना निभावणं अवघड जात असेल. पण आकड्यासाठी दोघंही सारखीच गैरहजर. आर्किटेक्चर हा मुळात स्वतःचं ऑफिस काढण्याचा व्यवसाय. तिथे फक्त नोकरीवाल्यांचा मध्यक घेणं म्हणजे बाजारात फक्त पक्की पावती देणारी दुकानं मोजण्यासारखं आहे. आणि हा आकडा कॉलेज स्वतःच भरतं, हेही विसरू नका.

आता कर्जाची बाजू. आत्या म्हणाली, "कर्ज तीनच लाख." खोदून विचारलं तेव्हा कळलं की ते फक्त बँकेचं. दीड लाखासाठी तिच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवायच्या होत्या, आणि उरलेलं दरवर्षीच्या ऊसबिलातून भागवायचं होतं. शैक्षणिक कर्जाच्या आकडेवारीत यातले तीन लाखच दिसतील. पतसंस्थेच्या खात्यावर ते सोनेतारण कर्ज असेल, त्यावर मुलाचं नाव कुठेच नसेल. शिवाय बँकेत साधारण साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण मागतात. त्यामुळे तुमच्या नमुन्यात बरीच कर्जं त्या आकड्याच्या जरा खाली गोळा झालेली दिसली, तर 'खर्च तेवढाच होता' असा निष्कर्ष काढू नका. खर्च पुढे गेलेला असू शकतो, फक्त बँकेचा कागद तिथे थांबलेला असतो.

एक छोटा हिशेब करून बघा. आकडे समजण्यापुरते धरलेत. दरवर्षीच्या सुरुवातीला १ लाख कर्ज, १० टक्के सरळव्याज, अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष सवलत. पाच वर्षांच्या बी.आर्क.ला पहिल्या लाखावर सहा वर्षांचं व्याज लागतं, दुसऱ्यावर पाच, असं करत शेवटच्यावर दोन. एकूण व्याज २ लाख, म्हणजे हप्ते सुरू होताना ७ लाख. चार वर्षांच्या पदवीला याच पद्धतीने ५ लाख ४० हजार. म्हणजे पाचव्या वर्षाची किंमत १ लाख नाही, १ लाख ६० हजार, आणि एका वर्षाची बुडालेली कमाई वेगळीच. ते ७ लाख १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ९,२५० रुपये. पगार २० हजार असेल तर जवळजवळ निम्मा तिथेच गेला. मॉडेलचं सामान, शीट, लॅपटॉप, स्टडी टूर यांचा खर्च यात अजून धरलेलाच नाही.

जुन्या बॅचचं कर्ज नव्या मुलांना तसंच लावता येईल का? तिथेही सांभाळून. महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. माझ्या आतेभावाच्या जागी आतेबहीण असती तर सगळं गणितच बदललं असतं.

अमेरिकेत कॉलेज स्कोअरकार्डमध्ये सरकारी कर्जाच्या नोंदी कराच्या नोंदींशी जोडलेल्या आहेत. तरी तिथेही सरकारी मदत न घेतलेले विद्यार्थी कमाईच्या आकड्यात येत नाहीत आणि खाजगी कर्ज कर्जाच्या आकड्यात येत नाही. आपल्याकडे तर जोडणीच नाही. शिक्षणावरचा खर्च राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, कुटुंबाचं कर्ज ७७व्या फेरीत, आणि कमाई पीएलएफएसमध्ये. तिन्हीकडची माणसं वेगवेगळी. पीएलएफएसमध्ये स्वयंरोजगाराची कमाई मिळते, पण तांत्रिक पदव्या एकत्र धरल्यामुळे आर्किटेक्ट वेगळा काढता येत नाही. या तीन ठिकाणच्या सरासऱ्या घेऊन केलेला भागाकार कुठल्याच खऱ्या माणसाचा नसतो.

आणि तुलना कुणाशी? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं की १९७२च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखीव आहे, ते काम नाही. तासगाव किंवा कोरेगावात घराचा प्लॅन सिव्हिल इंजिनिअरही काढून देतो. म्हणून इथल्या आर्किटेक्टची कमाई पुण्यातल्या आर्किटेक्टशी ताडून भागणार नाही. तेवढेच मार्क असताना सिव्हिलला गेलेल्या गावातल्याच मुलाशी ताडा.

मग करायचं काय? लहान अभ्यास करा, पण पूर्ण करा. एका कॉलेजची पाच-सात वर्षांपूर्वीची एकच बॅच घ्या, प्लेसमेंटची नाही, प्रवेशाची यादी. मधेच सोडून गेलेल्यांनाही शोधा. 'कर्ज किती' असं मोघम विचारू नका. बँक, पतसंस्था, सोनं, नातेवाईक, विकलेली जमीन असं एकेक विचारा. कमाई पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षाची घ्या, कारण या व्यवसायात सुरुवात बारीकच असते.

हे सगळं मी आत्याला समजावत होतो. हो-नाही असं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तसं सांगितलंही. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. पाटल्या कधी सुटतील ते सांग."

मला वाटतं, मोजायचं ते हेच. कर्ज भागिले पगार हे गुणोत्तर बाजूला ठेवून कर्ज पूर्ण फिटेपर्यंत गेलेला काळ मोजा, घरातलं सगळं कर्ज धरून. ज्यांचं अजून फिटलेलं नाही त्यांनाही त्यात धरता येतं, त्यासाठी सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस आहे. त्याबद्दल पुढच्या लेखात. तोवर आपल्या घरात कुणाच्या शिक्षणासाठी काय तारण पडलं होतं आणि ते कधी सुटलं, एवढं विचारून ठेवा.