एका न वाचलेल्या ग्रंथाचे परीक्षण

दिवाळी अंकात परीक्षण लिहावयाचे ते गाजलेल्या पुस्तकाचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी आज ज्या ग्रंथाविषयी लिहिणार आहे, तो वाचलेला गृहस्थ मला अद्याप भेटला नाही. मात्र त्याखाली संमती दिली नाही असे घरही माझ्या पाहण्यात नाही. संगणकावर किंवा फोनवर नवे साधन घेताना जो लांबलचक मजकूर पुढे येतो आणि ज्यातले ‘मला मान्य आहे’ एवढेच आपण वाचतो, तो हा ग्रंथ.

तो मी वाचला, त्याला कारण घडले. एका कादंबरीसाठी गेली तीन वर्षे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतून हिंडतो आहे; कपाशीच्या कर्जापायी ज्यांचे घरधनी गेले अशा बायांशी बोलतो आहे. त्यांपैकी एकीने (गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही) तीन दुपारी मला आपले सारे सांगितले आणि निघताना म्हणाली, “गुरुजी, हे माह्या दिराले समजलं तं मले घरात राहू देनार नाही.” मी म्हटले, “ताई, माझ्या वहीबाहेर जाणार नाही.” वही म्हणजे माझा संगणक.

पुढे श्रावणात माझी थोरली मुलगी विचारू लागली, “बाबा, ह्या कोण बाई? माझ्या फोनवर कशा आल्या?” फायली हरवू नयेत म्हणून मी एक फुकटचे साधन घेतले होते. त्याने माझी टिपणे, त्या बाईचा फोटो, सारे उचलून आपल्या दूरच्या यंत्रांवर नेऊन ठेवले होते, आणि खाते एकच म्हणून मुलीच्या फोनवरही उतरविले होते. कंपनीने मला फसविले असे म्हणता येत नाही. मी मान्य केले होते.

मग तो मजकूर छापून घेतला आणि दोन संध्याकाळी बसून वाचला.

ग्रंथाचा निवेदक ‘आम्ही’ आहे. मध्येच ‘आमचे सहयोगी’ नावाची पात्रे प्रवेश करतात. त्यांना नावे नाहीत, संख्या नाही, आणि प्रवेश केल्यावर ती बाहेर कधी जातात तेही कळत नाही. क्रियापदे तर पाहण्यासारखी आहेत. ‘माहिती गोळा केली जाऊ शकते.’ कोण करील? केव्हा? माझ्या वर्गातला पोरगा ‘काच फोडली गेली असू शकते’ असे म्हणाला, तर मी त्याला बाकावर उभा करीन. पण खरा दोष याहून खोल आहे. हा सबंध ग्रंथ ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांचाच संवाद आहे; त्यात तृतीय पुरुषाला जागाच नाही. संमती माझी घेतली आणि गेले ते तिचे आयुष्य.

2023 साली आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरविला, त्यानंतरची ही गोष्ट. गद्य म्हणून तो कायदा पुष्कळच बरा. त्याच्या इंग्रजी मूळपाठात व्यक्तीसाठी सर्वत्र ‘ती’ हे सर्वनाम वापरले आहे, मग व्यक्ती पुरुष का असेना. एक उदाहरणही त्यात आहे : वैद्यकीय सल्ल्याचे साधन जर तुमच्या ओळखीच्यांचे क्रमांक मागू लागले आणि तुम्ही ‘हो’ म्हणून बसलात, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरावी. आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत सूचना वाचण्याची सोय द्यावी, असेही कलम आहे; म्हणजे मराठीतही. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि संमतीच्या कलमांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत मिळाली.

याच विषयावरचा दुसरा ग्रंथ मला एका जुन्या विद्यार्थ्यामुळे भेटला. दारव्ह्याला त्याचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. “सर, लिनक्स टाकून देतो. पैसे फक्त मजुरीचे,” म्हणाला. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये या प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो रिचर्ड स्टॉलमन यांच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. तो परवाना मी कोश घेऊन वाचला. नुसते वापरणाऱ्याकडून तो ‘मान्य’ म्हणवून घेतच नाही; बंधन घालतो ते प्रती वाटणाऱ्यावर, की जे स्वातंत्र्य तुला मिळाले ते पुढच्यालाही दे. इंग्रजीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांना एकच शब्द असल्यामुळे प्रस्तावनेत बिचाऱ्याला खुलासा करीत बसावे लागले. मराठीत ती अडचण पडली नसती. दोषही आहेतच. हमी नाकारणारी वाक्ये मोठ्या अक्षरांत आरडाओरड करतात, आणि अनुवादाला मूळ संस्था अधिकृत मानीत नाही, तेव्हा मॅट्रिक झालेल्या मास्तराने इंग्रजीशीच झुंजावे.

आणि एवढ्याने सारे सुरक्षित झाले अशा भ्रमात वाचकांनी राहू नये. आपल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच लिनक्सचा गाभा आहे. वर बसलेली साधने मात्र पूर्वीचीच. माझ्या मुद्रकाचे जुने टंक नव्या संगणकावर उमटत नाहीत, म्हणून तो करवादतो. टिपणांच्या कप्प्याला आता परवलीच्या शब्दाचे कुलूप आहे. तो शब्द विसरलो तर कोणतीही कंपनी उघडून देणार नाही. मंडळींनी तो कागदावर लिहून तांदळाच्या डब्यात ठेवला आहे.

दसऱ्यानंतर त्या बाईकडे गेलो आणि झाले ते सांगितले. ती बराच वेळ सरकी निवडीत राहिली. मग म्हणाली, “पुसलं का आता?” मी पुसले होते, पण पुसलेल्या मजकुराच्या प्रती कंपनी ‘वाजवी मुदतीपर्यंत’ ठेवू शकते, असे त्या ग्रंथात आहे. ते वाक्य मी तिला वाचून दाखविले.

“म्हंजे किती दिवस, गुरुजी?” तिने विचारले.