मृच्छकटिकांतील रस्ता

‘संगीत मृच्छकटिक’ म्हटलें कीं आमच्या नाट्यरसिकांस प्रथम पदें आठवतात, मग वसंतसेना आणि मग शकार. हें सारें ज्या उज्जयिनीच्या रस्त्यावर घडतें तो रस्ता मात्र सहसा कोणास आठवत नाहीं. वास्तविक शूद्रकाच्या या दहा अंकी प्रकरणाचा नायक, चारुदत्ताची क्षमा मागून, रस्ताच म्हणावयास हवा. वसंतसेनेचा काळोखांतील पाठलाग, जुगारांत हरलेल्या संवाहकाची पळापळ, शेवटीं चारुदत्ताची वधस्थानाकडील यात्रा, हीं सर्व रस्त्यावरचींच. सर्वांत मौजेचा प्रकार गाड्यांचा. एक गाडीवान बसावयाची गादी विसरला म्हणून परत फिरतो. दुसऱ्याची वाट खेड्यांतल्या गाड्यांनीं अडते. तेवढ्यांत वसंतसेना भलत्याच गाडींत चढते, आणि तिच्यासाठीं आलेल्या गाडींत बंदिखान्यांतून पळालेला आर्यक शिरतो. एका खोळंब्यानें प्रेमकथा आणि राज्यक्रांति एका सूत्रांत ओवल्या जाव्या, हें संस्कृत नाट्यांत इतरत्र विरळाच.

अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 1880 सालीं ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आणलें. त्याच दशकांत त्यांचे शिष्य, सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनीं मृच्छकटिकास मराठी संगीत रूप दिलें. देवलांची भाषा इतकी घरगुती कीं उज्जयिनीचीं माणसें सांगली-मिरजेच्या बोळांत भेटावींत अशीं वाटतात. परंतु तत्कालीन नाटकमंडळ्यांच्या सामानांत रस्ता म्हणजे एक रंगविलेला पडदा. मागें महालाची मांडणी होईतों त्याच्यापुढें दोन पात्रांनीं बोलून वेळ काढावयाचा. संस्कृत रंगभूमीवर पात्र चार पावलें फिरलें कीं स्थळ बदलत असे. तेथें रस्ता चालून दाखविला जाई. येथें तो टांगला गेला.

1905 सालीं मिरजेस शकुंतलेच्या वेषांत प्रथम रंगभूमीवर आलेले बालगंधर्व पुढें वसंतसेना झाले, आणि गणपतराव बोडसांचा शकार गाजला. ही श्रीमंती खरी होती. तिच्याविषयीं कृतघ्न होण्याचें कारण नाहीं. पण प्रेक्षक गाण्यासाठीं येऊं लागला, रात्र ‘वन्स मोअर’च्या गजरांत सरूं लागली, तेव्हां गाडीवान नि जुगारी यांच्या वाट्यास काय उरणार? मूळच्या दहाव्या अंकांतील चांडाळच पहा. बापानें मरतांना काय बजावलें तें त्यांतला एक सांगतो: वध्यास घाईनें मारूं नये, कोणी द्रव्य देऊन त्याला सोडवील, राजास पुत्र होईल, हत्ती सुटेल, न जाणो राज्यच पालटेल. आणि नाटकांत तें खरोखरच पालटतें. हें शहाणपण महालांत सुचणारें नव्हे.

हा हरवलेला रस्ता दुसरीकडे सांपडला. 1924 सालीं न्यूयॉर्कच्या ग्रँड स्ट्रीटवर, परदेशांतून आलेल्या कामकऱ्यांच्या वस्तींत, नेबरहूड प्लेहाऊसनें हें नाटक इंग्रजींत केलें. 1958 सालीं दिल्लीस हबीब तन्वीर यांनीं ‘मिट्टी की गाडी’साठीं छत्तिसगडचे नाचा करणारे नट आणले, ते रंगमंचावर एक फेरी मारीत आणि गल्ली बदले. आमच्यापैकीं कोणी देवलांची संहिता पुन्हां हातीं घेणार असेल, तर पदांस हात न लावतां त्यानें प्रथम तो रस्त्याचा पडदा काढून ठेवावा, आणि गादी विसरलेल्या त्या गाडीवानाच्या कामास एक चांगला नट द्यावा.