स्वस्त आरसा आणि अचूक आरसा

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्यांचं कौतुक करताना आपण पटकन ‘जुगाड’ म्हणतो. माझा या शब्दाला आक्षेप आहे. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. गोविंद स्वरूप यांच्या रचनेत हिशेब आहे. तिथल्या लहरी २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब. म्हणून पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी ताणून बसवली. लहरींना ती आरसा, वाऱ्याला खिडकी. वाऱ्याचा भार कमी, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्चही कमी.

मग कुणी म्हणतं, अँटेना तपासण्याचा मोठा रिफ्लेक्टरही असाच करू. इथे गफलत होते. बघा, २ मीटरची अँटेना ३ सेंटिमीटरच्या लहरीवर तपासायची, तर नियमाप्रमाणे सुमारे २६७ मीटर अंतर लागतं. ‘कॉम्पॅक्ट रेंज’मध्ये रिफ्लेक्टर हे काम एका दालनात करतो, पसरणाऱ्या लहरीला सपाट करतो.

दुर्बीण सगळ्या पृष्ठभागावरून येणारी ऊर्जा एका बिंदूत गोळा करते. बारीकसारीक चुका सरासरीत विरतात. तपासणीच्या रिफ्लेक्टरला ही सवलत नाही. त्याच्यासमोरच्या जागेत प्रत्येक ठिकाणी लहर सपाट हवी. पृष्ठभाग तरंगलांबीच्या शंभराव्या भागाने, म्हणजे ०.३ मिलिमीटरने चुकला, तर परतणाऱ्या लहरीची कला सुमारे ७ अंशांनी बिघडते. आणि हा दोष लिहिला जातो कुणाच्या नावावर? तपासल्या जाणाऱ्या अँटेनाच्या! माप खोटं आणि बदनाम माल, असा हा प्रकार.

मग स्वस्ताई अशक्य आहे का? नाही, ती दुसरीकडे शोधावी लागते. हा रिफ्लेक्टर जागचा हलत नाही; त्याला वारा नाही, ऊन नाही. वजनाने येणारा बाक कायम तेवढाच राहतो. म्हणजे एका चांगल्या साच्यावरून अनेक पॅनेल काढा, समायोजनाच्या स्क्रूंवर बसवा, लेझरने मोजा, स्क्रू फिरवा, पुन्हा मोजा. अचूकता साच्यात आणि मोजणीत ठेवली की सांगाडा साधा चालतो. फक्त दालनाचं तापमान स्थिर हवं, आणि कडांवरून विखुरणाऱ्या लहरी आवरायला कडा दातेरी ठेवाव्यात. तिथे काटकसर नको.

खोडदकडून जाळी उचलायची नाही, प्रश्न उचलायचा: कुठली चूक परवडते, आणि ती कुणाला भोगावी लागते?